परिक्लेश : गर्भिणीचा छळ आणि प्राचीन दंडनीति

(१) सूत्र

कौटिलीय अर्थशास्त्राच्या 'कंटकशोधन' नामक चौथ्या अधिकरणांत, अकराव्या अध्यायांत, एक लहानसें विधान आहे. त्याचा आशय असा : जो प्रहार करून गर्भपात घडवील त्यास उत्तम साहसदंड, जो औषधानें घडवील त्यास मध्यम, आणि जो 'परिक्लेश' देऊन घडवील त्यास पूर्व साहसदंड करावा. याच ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणांत या तीन दंडांच्या मर्यादा दिल्या आहेत. पूर्व दंड ४८ ते ९६ पण, मध्यम २०० ते ५०० पण आणि उत्तम ५०० ते १००० पण. म्हणजे ज्या छळांत हात उगारला गेला नाहीं, औषधाची मुळी उगाळली गेली नाहीं, परंतु ज्याच्या भारानें गर्भ टिकला नाहीं, तो छळहि या नीतिकारानें अपराध मानला आणि त्याचा दंड ठरवून दिला.

'क्लिश्' या धातूचा अर्थ व्यापक आहे. शरीराचे कष्ट त्यांत येतात, तशी मनाची यातनाहि येते. महाभारतांत वनवासाचे हाल आणि सभेंतील अपमान या दोहोंसाठीं क्लेश व परिक्लेश हे शब्द वापरलेले आढळतात. तेव्हां येथें केवळ अतिश्रम अभिप्रेत आहेत असें म्हणून हा शब्द संकुचित करण्यास कारण दिसत नाहीं. प्रहार व औषध हीं दोन साधनें वेगळीं काढल्यावर जें उरतें, तें सर्व या तिसऱ्या शब्दांत येतें.

म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं हा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला आणि प्रा. कंगले यांनीं सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें १९६० सालीं काढली. ग्रंथाच्या काळाविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. कोणी इसवी सनापूर्वींचें चौथें शतक धरतात, कोणी इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांपर्यंत खालीं येतात. आमच्या विषयास तो वाद बाधक नाहीं. अगदीं खालचा काळ धरला तरी हें सूत्र सतराशें वर्षांचें जुनें ठरतें.

प्राचीन काळच्या स्त्रीच्या स्थितीविषयीं आपल्याकडे दोन पक्ष सदैव भांडत आले आहेत. एक म्हणतो, गर्भिणी आमच्याकडे देवतेसमान मानली जात होती. दुसरा म्हणतो, शास्त्रकारांनीं स्त्रीच्या पाठीवर वेळूची चिंबळ ठेविली, याहून अधिक कांहीं केलें नाहीं. दोघांसहि आधार सांपडतात, आणि मौज ही कीं ते पुष्कळदां एकाच ग्रंथांत सांपडतात. आमचें म्हणणें या दोहोंहून निराळें आहे. गर्भिणीस मारहाण व छळ झाल्यास काय होतें याचें ज्ञान होतें. त्यासाठीं दंडहि होता. परंतु ज्ञान व दंड हे दोन्ही पतीच्या अधिकाराच्या उंबरठ्याशीं येऊन थांबले. तें कसें, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) वैद्यकाची साक्ष

चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीस दोन हृदयें असतात अशी कल्पना आहे. एक तिचें स्वतःचें, दुसरें गर्भाचें, आणि रसवाहिन्यांनीं तीं एकमेकांस जोडलेलीं. म्हणून तिच्या इच्छेचा अवमान केल्यास गर्भाचा नाश किंवा विकृति होते, आणि म्हणून जाणते लोक तीस प्रिय व हितकर अशा उपचारांनीं विशेष जपतात, असें ग्रंथकार सांगतो. सुश्रुतांतहि हीच कल्पना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायांत ती धर्मशास्त्रांत उतरली. दोहद न पुरविल्यास गर्भास वैरूप्य अथवा मरण येतें, यास्तव स्त्रियांचें प्रिय करावें, असें तेथें सांगितलें आहे. आपला 'डोहाळे' हा शब्द याच दोहदाच्या प्राकृत वंशांतला होय.

याहून महत्त्वाचा शारीरस्थानाचा आठवा, 'जातिसूत्रीय' नांवाचा अध्याय. चौथ्या महिन्यापासून पुढें रक्त दिसूं लागण्याचीं कारणें सांगतांना तेथें क्रोध, शोक, असूया, ईर्ष्या, भय, त्रास हीं मनाचीं कारणें प्रथम दिलीं आहेत. शरीरास बसणारे हिसके, वेगांचा अवरोध, वांकडें बसणें-निजणें, भूक आणि तहान हीं त्यांच्या मागून येतात. जी गर्भिणी नित्य शोकांत असते तिचें मूल भित्रें, कृश अथवा अल्पायु होतें, असेंहि याच अध्यायांत म्हटलें आहे. गर्भिणीशीं कसें वागावें हें सांगण्यासाठीं चरकानें योजिलेली उपमा तर कोणाहि गृहस्थानें ध्यानांत ठेवावी अशी आहे. तेलानें काठोकाठ भरलेलें भांडें ज्याप्रमाणें न हिंदकळतां न्यावें, त्याप्रमाणें तीस सांभाळावें, असें तो म्हणतो.

सुश्रुत निदानस्थानांतील मूढगर्भाच्या अध्यायांत अधिक स्पष्ट बोलतो. गर्भ सुटण्याच्या कारणांत पडणें, ठेंचाळणें, दाबलें जाणें यांबरोबर तो 'अभिघात', म्हणजे बाहेरून बसलेला मार, नांव घेऊन सांगतो. कीड लागल्यानें, वाऱ्यानें अथवा मार बसल्यानें फळ जसें अकालीं देठापासून गळतें तसा गर्भ गळतो, हा त्याचा दृष्टान्त आहे. चौथ्या महिन्यापर्यंत त्यास स्राव म्हणावें, पांचव्या व सहाव्या महिन्यांत पात म्हणावें, असा भेदहि तो करितो.

एवढ्यावरून आमच्या वैद्यांस मन व गर्भ यांचा संबंध ठाऊक होता हें निर्विवाद ठरतें. परंतु हीच स्थळें पुन्हां सावकाश वाचलीं म्हणजे दोन गोष्टी लक्षांत येतात. पहिली अशी कीं, शोकाचें आणि भयाचें माप सर्वत्र गर्भावरून घेतलें आहे. गर्भ वांचला आणि सुदृढ निघाला, पण माता आंतून मोडली, तर तिच्या त्या दुःखास या प्रकरणांत जागा नाहीं. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. येथें शोक आहे, शोक देणारा नाहीं. भय आहे, भिवविणारा नाहीं. अभिघात आहे, पण तो कोणाच्या हातचा हें विचारलेलें नाहीं. उलट, जी गर्भिणी कलहशील असते तिचें मूल अपस्मारी होतें असें सांगून चरकानें कलहाचा भार तिच्याच शिरावर ठेविला आहे. कलहास दोघे लागतात. ग्रंथांत मात्र एकटी स्त्रीच उभी आहे.

वैद्याचें काम अपराधी शोधण्याचें नव्हे, असें यावर कोणी म्हणेल, आणि तें कांहींसें खरेंहि आहे. अपराधी शोधणें हें दंडनीतीचें काम. तेव्हां तिकडे वळूं.

(३) राजदंडाचा संकोच

राजा आणि त्याचे अधिकारी यांनीं गर्भिणीशीं कसें वागावें याविषयीं आमचे स्मृतिकार व नीतिकार उदार आहेत. दोन महिन्यांवरील गर्भिणीकडून नावेचा उतार घेऊं नये, असें मनु आठव्या अध्यायांत सांगतो. कौटिल्यहि गर्भिणीस नावाध्यक्षाच्या मुद्रेवर पार जाऊं देतो. घरांत नवी सून, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांस अतिथीच्याहि आधीं जेवूं घालावें, ही मनूची आज्ञा आहे. गर्भवती दासीच्या गर्भकालाच्या पोषणाची तरतूद न करितां तीस विकणाऱ्यास अथवा गहाण ठेवणाऱ्यास कौटिल्यानें पूर्व साहसदंड सांगितला आहे. त्या काळची दास्यप्रथा ध्यानांत घेतां हा नियम लहान नव्हे.

सर्वांत लक्षणीय नियम चौथ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायांत आहे. चोरी इत्यादि गुन्ह्यांचा कबुलीजबाब मिळविण्यासाठीं आरोपीस यातना देण्याची पद्धति तेथें वर्णिली आहे. फटके आहेत, टांगणें आहे, आणखीहि पुष्कळ आहे. परंतु गर्भिणीस, तसेंच प्रसूत होऊन महिना न लोटलेल्या स्त्रीस, यांतून वगळलें आहे. म्हणजे साक्षात् राजाचा अधिकारी, हातांत चाबूक असतांना, गर्भिणीपुढें थांबतो. याज्ञवल्क्यहि शस्त्राचा घाव घालणें व गर्भ पाडणें या दोहोंस व्यवहाराध्यायांत एकाच ओळींत बसवून उत्तम दंड सांगतो. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका चालुक्यांच्या कल्याणींत लिहिली गेली, आणि पुढें महाराष्ट्रांतील व्यवहारास ती प्रमाण झाली, हें वाचकांस विदितच आहे.

येथवर चित्र चांगलें दिसतें. प्रश्न आहे तो पुढें. राजाच्या अधिकाऱ्यास जो संकोच घातला, तो पतीस घातला होता काय?

(४) पतीचा अधिकार

शाळांतून आणि व्याख्यानांतून मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांतील स्त्रियांच्या सन्मानाचें वचन पुष्कळदां ऐकूं येतें. त्याच्या लगतचें वचनहि मननीय आहे. ज्या कुळांत लेकीसुना शोक करितात तें कुळ लवकर नाश पावतें, असें तेथें सांगितलें आहे. आठव्या अध्यायांतील वचन मात्र क्वचितच उच्चारलें जातें. भार्या, पुत्र, दास, नोकर व धाकटा सख्खा भाऊ यांनीं अपराध केल्यास त्यांस दोरानें अथवा वेळूच्या चिंबळीनें मारावें. तेंहि पाठीवर, मस्तकावर कदापि नव्हे. याहून निराळें मारणाऱ्यास चोराचा दोष लागतो, असा त्याचा आशय आहे.

कौटिल्यानें तिसऱ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत हीच गोष्ट कायद्याच्या काटेकोरपणानें मांडिली आहे. वेळूची चिंबळ, दोर अथवा हात यांपैकीं एकानें पाठीवर तीन आघात. याचें उल्लंघन झाल्यास वाक्पारुष्य व दंडपारुष्य यांसाठीं जो दंड आहे त्याच्या निम्मा. त्याआधींचें वाक्य स्त्रीस शिस्त लावतांना वापरावयाच्या, अथवा न वापरावयाच्या, अपशब्दांविषयीं आहे. शामशास्त्र्यांनीं ते शब्द वापरावे असा अर्थ केला. परंतु मूळांतील 'अनिर्देशेन' या पदाचा सरळ अर्थ घेतल्यास ते शब्द न उच्चारतां शिकवावें असा निघतो. आम्हांस दुसरा अर्थ ग्राह्य वाटतो, कारण लगेच पुढें वाक्पारुष्याचा दंड सांगितला आहे. तो ग्राह्य धरला तर घरांतील शिवीगाळ हीहि अपराधांतच मोडते, आणि हें कौटिल्यास भूषणावह आहे.

या दोन्ही स्थळांचा उद्देश मारास मर्यादा घालण्याचा होता, मार सुरू करण्याचा नव्हे, असें समर्थन केलें जातें. आम्ही तें मान्य करितों. तीन म्हणजे चार नव्हेत, पाठ म्हणजे मस्तक नव्हे, हा त्या काळीं लहान लाभ नव्हता. परंतु आमचा प्रश्न नेमका आहे, आणि त्याचें उत्तर ग्रंथांत पाहावयाचें आहे. चौथ्या अधिकरणांत गर्भिणीस राजाच्या यातनांतून वगळणारा ग्रंथकार तिसऱ्या अधिकरणांत पतीच्या तीन आघातांतून तीस वगळतो काय? नाहीं. मनूच्या त्या श्लोकांत गर्भिणीचा अपवाद आहे काय? तोहि नाहीं. जीस अतिथीच्या आधीं ताट वाढावयाचें, जिच्याकडून नावाड्यानें उतार घ्यावयाचा नाहीं, जीस राजानें चाबूक दाखवावयाचा नाहीं, तिच्या पाठीवर पतीचे तीन आघात कायदेशीर राहिले.

मग परिक्लेशाचें तें सूत्र पतीस लागूं होतें काय? सूत्रांत अपराध्याचें नांव नाहीं. 'जो' एवढेंच आहे. शब्दांवरून पति त्यांत येऊं शकतो. परंतु फिर्याद करावयाची कोणी? स्त्रीच्या वतीनें बोलणारा तो तिचा पति, आणि आरोपीहि तोच. शिवाय हें कलम जागें होतें तें गर्भ पडल्यावर. गर्भ टिकला तर नऊ महिन्यांचा परिक्लेश दंडाच्या बाहेरच राहतो. मनूच्या अकराव्या अध्यायांत अविज्ञात गर्भाच्या हत्येस ब्रह्महत्येचें प्रायश्चित्त आहे, आणि टीकाकार अविज्ञात म्हणजे ज्याचें लिंग अद्याप कळलेलें नाहीं असा अर्थ करितात. कायद्याची दृष्टि कोणावर खिळली होती हें यावरून दिसतें. ती गर्भावर होती. गर्भिणी हें त्याचें भांडें.

न्यायासाठीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच तिसऱ्या अधिकरणांत, दुसऱ्या अध्यायाच्या शेवटीं, कोणता पति त्याज्य होय हें सांगतांना कौटिल्य जिवावर उठणाऱ्या पतीचा स्पष्ट उल्लेख करितो. अशा पतीस स्त्रीनें सोडावें, असा त्याचा निर्णय आहे. म्हणजे तीन आघात आणि जिवावर बेतणें या दोन टोकांस नियम आहेत. मधल्या विस्तीर्ण प्रदेशास, जेथें बहुसंख्य स्त्रियांचें आयुष्य जातें, नियम नाहीं.

(५) कवीची साक्ष

जें शास्त्रकारांनीं मोकळें सोडलें तें कवींच्या दृष्टीस पडलें. आमच्या वाङ्मयांतील गर्भिणीच्या परिक्लेशाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सीतेचें. रामायणाच्या उत्तरकांडांत ती आपला दोहद सांगते : गंगातीरींच्या ऋषींचे आश्रम पाहावे. हाच दोहद तीस वनांत नेऊन सोडण्याचें निमित्त ठरतो. ज्या इच्छेचा अवमान करूं नये असें वैद्यक सांगतें, ती इच्छा पुरविण्याच्या मिषानें तिचा त्याग होतो.

विदर्भांतील पद्मपूरच्या भवभूतीनें आठव्या शतकांत उत्तररामचरित लिहिलें, तेव्हां या प्रसंगाचा पुढील भाग त्यानें धैर्यानें दाखविला. लक्ष्मण सोडून गेल्यावर प्रसववेदनांनीं व्याकुळ झालेली सीता दुःखाच्या भरांत गंगेच्या प्रवाहांत उडी टाकते, आणि तेथेंच तिचे पुत्र जन्मतात. तिसऱ्या अंकाच्या आरंभीं नद्यांच्या संवादांत हें कळतें, आणि सातव्या अंकांतील गर्भनाटकांत तें रामाच्या डोळ्यांपुढें उभें केलें जातें.

यांत मारहाण नाहीं, शिवीगाळहि नाहीं. राम तीस पराकाष्ठेचें प्रेम करितो. तथापि नि:शस्त्र परिक्लेशाचा शेवट कोठें होतो हें भवभूतीनें एका उडींत सांगितलें. आणि त्यानें आणखी एक गोष्ट केली, जी वैद्यानेंहि केली नव्हती व दंडनीतीनेंहि केली नव्हती. शोक देणाऱ्यास त्यानें प्रेक्षकांत बसवून त्या शोकाकडे पाहावयास लाविलें.

(६) आनंदीबाईंची साक्ष

आतां आम्ही एकदम एकोणिसाव्या शतकांत येतों, आणि त्यास कारण आहे. वर सांगितलेल्या ग्रंथांचा प्रसूतिशास्त्राच्या दृष्टीनें पद्धतशीर विचार करणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. ३१ मार्च १८६५ रोजीं जन्म, नवव्या वर्षीं वीस वर्षांनीं वडील अशा गोपाळरावांशीं विवाह, चौदाव्या वर्षीं प्रसूति, आणि दहा दिवसांत मूल गेलें. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ च्या मार्चमध्यें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, आणि त्यासाठीं त्यांनीं संस्कृत ग्रंथांचा आधार घेतला. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हां बाविसावें वर्ष पुरें झालें नव्हतें.

काशीबाई कानिटकर यांनीं त्यांच्या चरित्रांत जीं पत्रें दिलीं आहेत त्यांत अमेरिकेहून गोपाळरावांस लिहिलेलें एक पत्र आहे. दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं मार, बाराव्या वर्षीं अंगावर फेंकलेल्या खुर्च्या व पुस्तकें, चौदाव्या वर्षीं निराळ्याच प्रकारच्या शिक्षा, असा हिशेब त्यांत त्यांनीं मांडिला आहे, आणि हें सर्व आपल्या वयास, शरीरास व मनास फार कठोर होतें असें म्हटलें आहे. त्याच पत्रांत पुढें त्या सांगतात कीं, आपल्या समाजांत पति व पत्नी यांच्यामध्यें शतकानुशतकें कायद्याचा आडपडदाच नाहीं, आणि असलाच तर तो स्त्रीच्या विरुद्ध आहे. तेव्हां निमूटपणें सोसण्यावांचून दुसरा उपाय नव्हता.

चौदाव्या वर्षींच्या शिक्षा आणि चौदाव्या वर्षींचें बाळंतपण यांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा आमचा हेतु नाहीं. गोपाळरावांनींच त्यांस शिकविलें व सातासमुद्रांपलीकडे धाडिलें, हेंहि विसरून चालणार नाहीं. आम्हांस महत्त्व वाटतें तें त्यांच्या निदानाचें. वर तिसऱ्या व चौथ्या अधिकरणांची तुलना करून आम्ही जें सिद्ध करूं पाहिलें, तें या विशीच्या आंतल्या-बाहेरच्या स्त्रीनें एका वाक्यांत सांगितलें होतें. आणि त्यांनीं वय, शरीर व मन अशीं तीन नांवें घेतलीं. मन हें शरीराहून वेगळें, स्वतंत्र मोजलें. गर्भाच्या निमित्तानें नव्हे, तर स्वतःचें म्हणून.

(७) अर्वाचीन कायदा आणि गणना

१८६० सालच्या भारतीय दंडसंहितेंत पतीस मारण्याची मुभा लिहिलेली नव्हती. स्त्रीच्या संमतीवांचून गर्भपात घडविणाऱ्यास ३१३ व्या कलमानें आजन्म कारावासापर्यंत शिक्षा होती. परंतु घरांतील छळ हा स्वतंत्र अपराध नव्हता. कौटिल्याचा 'परिक्लेश' नव्या संहितेंत आलाच नाहीं. तो आला १८६० नंतर एकशेंतेवीस वर्षांनीं. १९८३ सालीं ४९८-अ हें कलम घातलें गेलें. पतीनें अथवा त्याच्या नातलगांनीं केलेली क्रूरता हा त्यानें अपराध ठरला, आणि क्रूरतेच्या व्याख्येंत स्त्रीस आत्महत्येस प्रवृत्त करणारें वर्तन, तसेंच तिच्या शारीरिक अथवा मानसिक आरोग्यास गंभीर धोका पोंचविणारें वर्तन, यांचा समावेश झाला. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांच्या संरक्षणाच्या कायद्यानें, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला, वाचिक व भावनिक छळ आणि आर्थिक कोंडी यांनाहि हिंसेंत गणलें आणि स्त्रीस त्याच घरांत राहण्याचा हक्क दिला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ८५ व ८६ या कलमांत क्रूरतेचा तोच अपराध कायम आहे. गर्भ पडण्याची वाट न पाहतां परिक्लेश स्वतः अपराध ठरला, हा दोन सहस्र वर्षांतला खरा फरक.

कायद्याबरोबर दुसरी एक गोष्ट झाली. प्रथमच स्त्रीस स्वतःस विचारलें गेलें. जागतिक आरोग्य संघटनेनें दहा देशांत चोवीस हजारांवर स्त्रियांस प्रश्न विचारून २००५ सालीं वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत भारत नव्हता. गर्भावस्थेंत मार खाल्लेल्या स्त्रियांचें प्रमाण जपानच्या शहरांत १ टक्का, तर पेरूच्या ग्रामीण प्रांतांत २८ टक्के निघालें. बहुतेक ठिकाणीं तें ४ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान होतें. मारणारा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळां त्या गर्भाचा पिताच होता, आणि मार खाल्लेल्यांपैकीं पाव ते निम्म्या स्त्रियांस लाथा अथवा ठोसे पोटावर बसले होते. आपल्या देशांतील २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकीं २९.३ टक्क्यांनीं पतीकडून हिंसा सोसल्याचें सांगितलें. गर्भावस्थेंत शारीरिक मार बसल्याचें ३.१ टक्क्यांनीं सांगितलें. हें उत्तर बहुधा पतीच्याच घरीं बसून द्यावें लागतें, हें ध्यानांत घेतां हा आंकडा वरची मर्यादा मानतां येणार नाहीं.

मनाविषयींचा पुरावा आम्हांस गोमंतकांतून मिळतो. तेथील एका जिल्हा रुग्णालयांत डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहींतील २७० स्त्रियांची पाहणी केली आणि ती २००२ सालीं प्रसिद्ध झाली. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं ५९ स्त्रियांस, म्हणजे २३ टक्क्यांस, विषण्णतेचा विकार आढळला. त्यांपैकीं ७८ टक्क्यांस गर्भावस्थेंतच मानसिक त्रास होता. निम्म्याहून अधिक स्त्रिया सहा महिन्यांनींहि बऱ्या झालेल्या नव्हत्या. दारिद्र्य आणि पतीशीं बिघडलेलें नातें हीं प्रमुख कारणें दिसलीं. आणि जन्मलेलें मूल मुलगा कीं मुलगी यावर पतीची मारहाण व उपासमार यांचा परिणाम कमीअधिक होत असल्याचें आढळलें. 'अविज्ञात' गर्भाविषयींची ती जुनी उत्कंठा अद्याप घरांतून गेलेली नाहीं.

चरकानें मनाचीं कारणें मोजिलीं होतीं. सुश्रुतानें अभिघात सांगितला होता. न विचारलेला प्रश्न एकच होता : कोणाचा हात? या शतकाच्या आरंभीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत मुंबई महापालिका व 'सेहत' ही संस्था यांनीं 'दिलासा' नांवाचें केंद्र काढलें. तेथें जखम घेऊन आलेल्या स्त्रीस ती जखम कशी झाली हें विश्वासानें विचारलें जातें, आणि तिच्या मनास आधार व कायद्याचा मार्ग हीं दोन्ही दिलीं जातात. रुग्णालयाच्या आवारांतच वैद्यक व दंडनीति यांची भेट घडविण्याचा हा प्रयत्न आहे.

(८) उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. गर्भिणीच्या मनास झालेला आघात घातक असतो, हें ज्ञान आपल्या परंपरेंत चांगलें मुरलेलें होतें. परिक्लेश दंडनीय आहे, ही जाणीवहि होती. परंतु वैद्यानें अपराधी विचारला नाहीं, आणि दंडनीतीनें अपराधी पति असल्यास हात आंखडता घेतला. एकाच ग्रंथाच्या तिसऱ्या व चौथ्या अधिकरणांची गांठ पडली नाहीं, आणि त्या फटींत असंख्य स्त्रियांचीं आयुष्यें गेलीं. यास्तव प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांनीं ठाऊक असून काय केलें नाहीं तेंहि सांगावें; आणि प्राचीनांस कांहींच ठाऊक नव्हतें असें म्हणणाऱ्यांनीं कंटकशोधनाचें तें सूत्र एकदां वाचावें.

ज्या गोष्टीस कायद्यानें नांव दिलें नाहीं, तीस आपल्या भाषेनें दिलें आहे. 'सासुरवास' या शब्दाचा मूळ अर्थ केवळ सासरीं राहणें. पण तो शब्द उच्चारतांच छळ हाच अर्थ मनांत येतो. 'जाच' हा शब्दहि तसाच. उलट 'माहेरपण' म्हणतांच विसावा आठवतो. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल आपल्याकडे आहे. तिचीं कारणें अनेक असतील, पण जें आश्रयस्थान शास्त्रानें दिलें नाहीं तें कांहीं महिन्यांपुरतें तरी या चालीनें दिलें असावें, असें आमचें अनुमान आहे. आपल्याकडील जुन्या निवाड्यांत, तक्रारींत, खाजगी पत्रांत हे शब्द विखुरलेले असणार. आजवर ते कागद वतनें, सनावळ्या व स्वाऱ्या यांसाठीं वाचले गेले. तें आवश्यकच होतें. आतां त्यांत जाच, छळ, माहेरीं निघून येणें, बाळंतपण, वेड लागणें, विहीर जवळ करणें हे उल्लेख वेगळे टिपून, त्यांच्या मित्या लावून, कोणी तरुण अभ्यासकानें ते एकत्र करावे, अशी आमची विनंति आहे. त्या टिपणांत त्यानें गर्भ टिकला कीं नाहीं हें लिहावेंच. परंतु त्या स्त्रीचें पुढें काय झालें, तेंहि लिहिण्यास विसरूं नये.